उज्जैनची वेधशाळा: पलभा डोळ्यांनी बघायची असेल तर इथे या

उज्जैनला जाणारी बहुतेक मराठी मंडळी महाकाळ, हरसिद्धी, काळभैरव, जमलंच तर सांदीपनी आश्रम असं उरकून संध्याकाळी इंदूरच्या सराफ्यात खायला पोचतात आणि वेधशाळा यादीत असलीच तर अगदी शेवटी, म्हणजे वाटेत लागतेच आहे तर पंधरा मिनिटं उतरू, दोन फोटो काढू, अशी. मी उलटं सांगणार आहे. वेधशाळेसाठी अख्खी दुपार ठेवा, तारीख बघून जा, आणि जायच्या आधी एक शब्द नीट समजून घ्या, मग तिथे उन्हात उभं राहून जे कळतं ते घरी पुस्तक घेऊन बसलं तरी तितकं कळत नाही.

तो शब्द म्हणजे पलभा.

आता हा शब्द बोलण्यात कुठेच राहिलेला नाही. पत्रिका करणारे जुने लोक, पंचांगाचं गणित शिकलेले, आणि आमच्यासारखे आकाशाच्या नादी लागलेले सोडले तर कोणाच्या कानावरूनही जात नाही. अर्थ मात्र एका वाक्यात सांगता येतो. दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, सपाट जमिनीवर बारा अंगुळं उंचीची काठी सरळ उभी करायची, आणि बरोबर मध्यान्हीला तिची सावली किती अंगुळं पडते ते मोजायचं. ती जी लांबी येते ती त्या गावाची पलभा. काठीला शंकू म्हणतात. एका अंगुळाची साठ व्यंगुळं. बस, एवढंच.

पण यातली गंमत अशी की ती सावली प्रत्येक गावाची वेगळी. विषुववृत्तावर शून्य, कारण त्या दिवशी तिथे सूर्य थेट डोक्यावर, आणि जसजसं उत्तरेला जाल तसतशी ती लांबत जाते. म्हणजे गावाची पलभा सांगितली की त्या गावाचा अक्षांश सांगितल्यासारखाच आहे, फक्त कोनात न सांगता सावलीत सांगितला. पणजीची साधारण ३ अंगुळं २० व्यंगुळं, कोल्हापूरची ३ अंगुळं ३६, सोलापूरची ३ अंगुळं ४९, मुंबईची ४ अंगुळं ७, नागपूरची ४ अंगुळं ३९. आणि पुण्याची ४ अंगुळं १ व्यंगुळ, म्हणजे व्यवहारात चारच धरा. हे आकडे मी अक्षांशावरून काढलेत, कॅल्क्युलेटरवर त्या अक्षांशाचा टॅन घेऊन बाराने गुणलं की झालं, तुमच्या गावाची तुम्हीही आत्ता काढू शकता.

मी यंदा २१ मार्चला दुपारी वेधशाळेत असायचंच असं ठरवून गेले होते. इंदूरला माझी आत्या राहते, तिला बरोबर घेतलं. तिचे सासरे पत्रिका करायचे, त्यामुळे हा शब्द तिला सांगावा लागला नाही, उलट गाडीत तिनेच मला सांगितलं, "अगं, पुण्याची चार आणि इंदूरची पाच, हे आमच्याकडे पोरासोरांना पण पाठ होतं." मी लगेच फोनवर काढून बघितलं, इंदूरची ५ अंगुळं १ व्यंगुळ येते. म्हणजे पेशव्यांच्या पुण्यातून होळकरांच्या इंदुरात यायला सावली बरोबर एक अंगुळ वाढते. आणि इंदूरच्या बाबतीत अजून एक भारी गोष्ट आहे, शंकू बारा, सावली पाच, तर शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ तेरा. शाळेत पाठ केलेला पाच-बारा-तेराचा काटकोन त्रिकोण इंदूरकरांच्या अंगणात वर्षातून दोनदा दुपारी आपोआप तयार होतो. त्या तिरक्या रेघेलाही नाव आहे, पलकर्ण.

आता जागेबद्दल. शासकीय जीवाजी वेधशाळा असं पूर्ण नाव, स्थानिक लोक जंतर-मंतर म्हणतात, रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. क्षिप्रेच्या काठी, चिंतामण गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाकाळपासून रिक्षाने अगदी थोडं अंतर. तिकीट किरकोळ. जयपूरचं जंतर-मंतर बघून आलेल्यांना ही जागा आकाराने लहान वाटेल हे आधीच सांगते, तिथल्यासारखी उंचच उंच यंत्रं आणि गर्दी इथे नाही. पण माझ्या मते समजून घ्यायला हीच जास्त चांगली. यंत्रं मोजकी, एकमेकांपासून चार पावलांवर, झाडं आहेत, बसायला सावली आहे, आणि एका यंत्रावर बघितलेलं लगेच दुसऱ्यावर ताडून बघता येतं. जयपूरला ते करायला माणूस थकून जातो.

बांधली सवाई जयसिंहांनी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते माळव्याचे सुभेदार होते तेव्हा. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी त्यांनी वेधशाळा उभारल्या, त्यातली मथुरेची आता राहिलेली नाही. उज्जैन निवडण्यामागे फक्त सुभेदारी नव्हती. आपल्या जुन्या गणितात रेखांश उज्जैनपासून मोजायचे, लंका-उज्जयिनी-कुरुक्षेत्र ही मध्यरेषा, आज जे स्थान ग्रीनिचला आहे ते तेव्हा या गावाला होतं. भास्कराचार्यांनी तर अवंती विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी लांब आहे असं सांगितलंय, म्हणजे साडेबावीस अंश. प्रत्यक्षात २३ अंश ११ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला). आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं हे विधान आणि आजचा आकडा यात पाऊण अंशाहूनही कमी फरक, हे मला तिथे उभं असताना फार जाणवलं.

तर शंकू यंत्र. गोल ओटा, वरचा पृष्ठभाग क्षितिजाला समांतर, मधोमध उभा शंकू, आणि ओट्यावर सात रेषा आखलेल्या. बहुतेक लोक याच्याकडे बघून पुढे जातात कारण दिसायला यात काहीच नाही, सम्राट यंत्राला निदान जिना आहे. पण त्या सात रेषा म्हणजे वर्षभर सावलीचं टोक कुठून कुठून चालत जातं त्याच्या वाटा आहेत. एका कडेची वाट २२ डिसेंबरची, तेव्हा सावली सगळ्यात लांब. दुसऱ्या कडेची २१-२२ जूनची. या सगळ्या वाटा वाकड्या, आणि फक्त मधली एक सरळ. ती २१ मार्च आणि २३ सप्टेंबरची.

हे वाचून माहीत असतं हो, पण बघणं वेगळं. आम्ही साडेअकराच्या आधीच पोचलो आणि त्या मधल्या रेषेजवळ ठाण मांडलं. सावलीचं टोक रेषेवर होतं, आणि ते रेषा सोडतच नाही. इकडे ना तिकडे. दहा मिनिटांनी बघा, वीस मिनिटांनी बघा, टोक पूर्वेकडे सरकलेलं आणि रेषेवरच. एरवी कुठल्याही दिवशी अंगणात काठी रोवून टोकाच्या खुणा करत गेलात तर वाकडी रेघ येते, त्या एका दिवशी मात्र पट्टीने ओढल्यासारखी सरळ येते, कारण सूर्य तेव्हा विषुववृत्ताच्याच प्रतलात फिरत असतो. आत्या सत्तरीला टेकलेली, तिने उन्हात छत्री घेऊन हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "सासरे असते तर त्यांना इथून हलवावं लागलं असतं."

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्धा तास आधीच मोजून निघून याल. आपलं घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशाचं, उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, दर अंशाला चार मिनिटं धरली की जवळजवळ २७ मिनिटं इथेच गेली, वर मार्चच्या त्या दिवसांत सूर्य आणखी साडेसात मिनिटं मागे असतो. म्हणजे १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमाराला इथली खरी दुपार. घाई करायची गरज नाही, मध्यान्हीच्या आगेमागे चार-पाच मिनिटं सावलीची लांबी जवळपास तशीच राहते, फक्त दिशा बदलते.

यंत्राच्या ओट्याला हात न लावता स्वतः पलभा मोजायची म्हणून मी घरून तयारी करून नेली होती, पुठ्ठ्यावर आलेखाचा कागद आणि त्यावर काटकोनात चिकटवलेली बारा सेंटिमीटरची काडी. अंगुळ म्हणजे नक्की किती या वादात पडायचं कारण नाही, शंकूचे बारा समान भाग हेच त्याचं माप, त्यामुळे बारा सेंटिमीटरची काडी घेतली की एक सेंटिमीटर म्हणजे एक अंगुळ, काम सोपं. पुठ्ठा पाणसळीत ठेवणं मात्र महत्त्वाचं, फोनमधल्या लेव्हलच्या ॲपने ते केलं. सावली पडली पाच सेंटिमीटर आणि वर एक-दीड मिलिमीटर. उज्जैनची पलभा गणिताने ५ अंगुळं ८ व्यंगुळं, आणि आठ व्यंगुळं म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. यापेक्षा जास्त अचूक अशा काडीने येणारच नाही, कारण सावलीचं टोक धारदार नसतं, कडेला धूसर होत जातं. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून गडद सावलीच्या भोवती उपच्छायेची मऊ किनार येतेच, बारा सेंटिमीटरच्या काडीला ती मिलिमीटरभर असते. कागदावर डोळा लावून बघितलं तर गडद कुठे संपतं आणि धूसर कुठे सुरू होतं ते कळतं, मी त्या दोन्हीच्या मधे खूण केली.

आता शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगते, कारण माझ्यासाठी या सगळ्या प्रवासाचं मूळ तेच. भा म्हणजे तेज, प्रकाश. भास्कर, प्रभा, आभा, सगळीकडे तोच भा. मग पलभा म्हणजे सावली कशी? तर ज्योतिषाच्या संस्कृत ग्रंथांत भा हा शब्द शंकूच्या सावलीसाठी सर्रास वापरलाय, सूर्यसिद्धान्तात याच सावलीला विषुवत्प्रभा म्हटलंय. प्रभा म्हणजे सावली! पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. पण मग अमरकोश काढून छाया बघा, तिथे छायेचे अर्थ दिलेत सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि ऊन नसणं. म्हणजे छाया या शब्दातही कांती बसलेलीच आहे. या दोन शब्दांची ही देवाणघेवाण मला फार आवडते, आणि शंकूजवळ बसलं की ती पटते, कारण तिथे सावली म्हणजे उजेडाची उणीव राहत नाही, सूर्य कुठे आहे हे सांगणारी तीच एक गोष्ट असते, सूर्याकडे तर बघता येत नाही.

आणि पल? इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. आपल्याला पळ माहीत आहे, घटिकेचा साठावा भाग, २४ सेकंद. पलभेतला पल तो नाही. गणितज्योतिषात पल हा अक्षाला पर्यायी शब्द आहे, अक्षांशाला पलांश म्हणतात, अक्षकर्णाला पलकर्ण, तशीच अक्षभा आणि पलभा. अक्षांश दाखवणारी सावली, असा सरळ अर्थ. विषुवच्छाया, विषुवती अशीही नावं आहेत, पण आपल्याकडे रुळलं पलभाच, आणि ते रुळण्यामागे एका कोकणी माणसाचा मोठा हात असावा असं मला वाटतं.

तो माणूस म्हणजे गणेश दैवज्ञ. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ नांदगाव आहे, तिथले. वडील केशव दैवज्ञ, तेही मोठे ज्योतिषी. गणेशांनी १५२० च्या सुमाराला ग्रहलाघव लिहिलं आणि पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत राहिली. त्या ग्रंथाचं वैशिष्ट्य असं की ग्रहगणित करायचं पण ज्या म्हणजे आपण ज्याला साइन म्हणतो त्याची कोष्टकं न वापरता, खेड्यातल्या जोशीबुवांना पाटीवर करता येईल असं. त्यात पलभेची व्याख्या अर्ध्या श्लोकात आहे, 'मेषादिगे सायनभागसूर्ये दिनार्धजा भा पलभा भवेत्सा'. सायन सूर्य मेषेच्या आरंभी असताना दिवसाच्या अर्ध्याला पडणारी भा ती पलभा. यातला सायन शब्द सोडू नका बरं का, सायन म्हणजे मेषेचा आरंभ दिवस-रात्र सारखी असते त्या मार्चमधल्या बिंदूपासून मोजायचा. पंचांगातली मेष संक्रांत येते १४ एप्रिलच्या आसपास, ती निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली, त्या दिवशी पुण्यात काठी रोवली तर सावली दोन अंगुळंसुद्धा भरत नाही, म्हणजे निम्म्याहून कमी. मला जालावर एक-दोन ठिकाणी पलभा मेष संक्रांतीला मोजतात असं लिहिलेलं दिसलं, ते चूक आहे. व्याख्या पाचशे वर्षांपूर्वी इतकी नेमकी करून ठेवलेली असताना आपण ती ढिली करू नये.

श्लोकाचा पुढचा अर्धा भाग तर अजून भारी. पलभा तीन ठिकाणी मांडा, पहिलीला दशने गुणा, दुसरीला भुजंगाने, तिसरीला दिशांनी, आणि शेवटच्या उत्तराला गुणांनी भागा. भुजंग म्हणजे आठ, दिशा दहा, गुण तीन. म्हणजे दहाने, आठने, आणि दहा भागिले तीनने. येतात ती पळं, खऱ्या वेळेची पळं, आणि त्यावरून दिवस किती मोठा होतो ते निघतं. पुण्याचं करून बघू. पलभा चार. चार दाहे चाळीस, चार आठे बत्तीस, आणि चाळीसला तीनने भागून तेरा आणि वर थोडं. बेरीज पंच्याऐंशी पळं. एक पळ २४ सेकंदांचं, तर ही झाली ३४ मिनिटं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी पुण्यात सकाळ ३४ मिनिटांनी वाढते आणि दुपारही ३४ मिनिटांनी, म्हणजे दिवस १३ तास ८ मिनिटांचा. आज पेपरात २१ जूनला जे छापून येतं ते यापेक्षा सहा-सात मिनिटं जास्त असतं, कारण आता सूर्याची वरची कड दिसली की उगवला म्हणतात आणि हवेमुळे सूर्य थोडा वर उचललेला दिसतो तेही त्यात धरलेलं असतं. ते बाजूला ठेवून आधुनिक त्रिकोणमितीने मी ताडून बघितलं, १३ तास ७ मिनिटं येतात. एका काठीची सावली, तीन गुणाकार, आणि चूक एका मिनिटाची! उज्जैनची ५ अंगुळं ८ व्यंगुळं घेऊन हेच केलं तर १३ तास २८ मिनिटं येतात, म्हणजे जूनमध्ये उज्जैनचा दिवस पुण्यापेक्षा वीस मिनिटांनी मोठा. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढायला ही चराची, म्हणजे दिवसाच्या वाढ-घटीची, पळं लागायची, म्हणून तर जुन्या पंचांगांत आणि पत्रिकेच्या पुस्तकांत गावापुढे पलभा लिहिलेली असायची आणि म्हणून आत्याच्या घरात ती पाठ होती. गणेश दैवज्ञांबद्दल आणि एकूण या परंपरेबद्दल मराठीत वाचायचं तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६ चं भारतीय ज्योतिषशास्त्र आहेच, अजूनही त्याच्या तोडीचं मला दिसलेलं नाही.

बाकीच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. भित्ती यंत्र शंकू बघून झाल्यावर लगेच बघा, दक्षिणोत्तर भिंत आहे, मध्यान्हीला सूर्य डोक्यापासून किती अंश खाली आहे ते तिच्यावर वाचता येतं, आणि २१ मार्चला हाच आकडा म्हणजे गावाचा अक्षांश. आधी सावलीतून २३ अंश काढायचे आणि मग भिंतीवर तेच वाचायचे, ही ताडणी मला सगळ्यात समाधान देऊन गेली. नाडीवलय यंत्राची दोन तोंडं, एक उत्तरेला एक दक्षिणेला, सहा महिने एकावर ऊन आणि सहा महिने दुसऱ्यावर, मार्चच्या त्या दिवशी बाजू बदलते. लहान मुलांना हे पटकन कळतं. सम्राट यंत्र म्हणजे मोठी सूर्यघटी, तिरक्या भिंतीची धार पृथ्वीच्या अक्षाला समांतर, सकाळी सावली पश्चिमेच्या चापावर आणि दुपारनंतर पूर्वेच्या, तिथे स्टँडर्ड टाइमसाठी किती मिनिटं मिळवायची याचा तक्ता लावलेला आहे, त्या दिवसाची मिनिटं मिळवून आपल्या फोनशी जुळवून बघा. दिगंश यंत्राजवळ आम्ही फार थांबलो नाही, ते रात्री वापरायचं यंत्र वाटतं मला.

तिथल्या स्टाफमधल्या एका गृहस्थांनी आम्ही पुठ्ठा घेऊन बसलोय बघितल्यावर आपणहून येऊन सातही रेषा समजावून सांगितल्या, हिंदीत, अगदी सावकाश, आणि आत्याला बसायला खुर्ची आणून दिली. विचारलं तर सांगणारे लोक आहेत, विचारा. आमच्याबरोबर एक मोठा ग्रुप आला होता, त्यांच्या टूरवाल्याने त्यांना गेटपाशीच पंधरा मिनिटांत परत या म्हणून बजावलं, आणि ती माणसं शंकूजवळ आली तेव्हा मध्यान्हीला पाच मिनिटं होती, टोक रेषेवरून सरकताना बघायच्या आधीच शिट्टी वाजली. टूरने जाणार असाल तर बुकिंग करतानाच वेधशाळेला किमान दोन तास मागून घ्या, तारीख विषुवदिनाची असेल तर जास्त.

मराठी माणसाने इथे यायला अजून एक कारण आहे. जयसिंहांनंतर ही वेधशाळा पडझडीला आली होती, ती पुन्हा उभी केली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये, आणि त्या कामात पुढे होते गोविंद सदाशिव आपटे, तेच वेधशाळेचे पहिले अधीक्षक. १९४२ पासून इथून दरवर्षी दृश्य ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. उज्जैनचं नाव घेतलं की आपण राणोजी, महादजींबद्दल बोलतो, आपट्यांबद्दलही बोलायला हवं. या सगळ्याची माहिती देणारी एखादी छोटी मराठी पुस्तिका कोणीतरी करायला पाहिजे, इतके मराठी लोक येतात, मुलं येतात, आणि नांदगावच्या गणेश दैवज्ञांचं नाव एकालाही माहीत नसतं.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबर जमत नसेल तर २१ जूनला जावं का? जरूर जा, पण काय बघायला जातोय ते नीट लक्षात घेऊन. त्या दिवशी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमाराला शंकूची सावली नाहीशी होते आणि ते बघायला बरीच गर्दी होते. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेला, सुमारे पंधरा कला, त्यामुळे गणिताने सूर्य डोक्यापासून किंचित उत्तरेला असतो, पण सूर्यबिंबाची त्रिज्या सोळा कलांच्या आसपास, म्हणजे डोक्यावरचा बिंदू बिंबाच्या आतच येतो आणि सावली उरत नाही. सूर्यबिंबाचा मध्यच बरोबर डोक्यावर हवा असेल तर त्याच्या नऊ-दहा दिवस आधी किंवा नंतर. आणि नेमक्या कर्कवृत्तावरच उभं राहायचं असेल तर महिदपूर तालुक्यातलं डोंगला गाव आहे, भीमबेटका शोधणारे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी ते स्थान दाखवून दिलं, तिथेही आता वेधशाळा आहे. पण जून म्हणजे ढगांचा भरवसा नाही. आणि पलभा जूनमध्ये दिसत नाही, त्यासाठी विषुवदिनच. मार्चमध्ये आकाश मोकळं असतं, सप्टेंबरमध्ये पाऊस रेंगाळू शकतो, म्हणून माझं मत मार्चला.

सहावीच्या पुढच्या मुलांना नक्की न्या, अक्षांश-रेखांश शिकत असतात तेव्हाच. बरोबर टोपी, पाणी, बारा सेंटिमीटरची काडी, आलेखाचा कागद आणि काटकोन्या. एक दिवस आधी किंवा नंतर पोचलात तरी चालेल, सूर्य दिवसाला अर्ध्या अंशाहून कमीच सरकतो त्या दिवसांत, सावलीत फरक पडतो मिलिमीटरभर. ज्यांना उज्जैनला जाणं शक्य नाही त्यांनी त्याच दिवशी आपल्या गच्चीवर मोजा, पुण्यात साधारण १२ वाजून ४२ मिनिटांना, चार सेंटिमीटर आली पाहिजे. माझ्याकडून वेधशाळेला पाचपैकी पाच.